तिसऱ्या हाकेची घंटा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. तुम्ही बैलगाडीत बसला आहात असे समजा. रात्र आहे, चंद्र अजून उगवलेला नाही. कल्याण मागे राहिले आहे आणि खाडीकाठचे तुमचे गाव अजून बरेच पुढे आहे. गाडी तुम्हीच हाकत आहात, कारण गाडीत दुसरे कोणीही नाही. वाटेच्या दोन्ही बाजूंना करंजाची झाडे इतकी दाट आहेत की स्वतःच्या बैलांची शिंगेसुद्धा दिसत नाहीत. ऐकू येतो तो एकच आवाज, उजव्या बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा. टण, टण, टण. आणि मग मागून, अंधारातून, कोणीतरी तुम्हांला नावाने हाक मारते.

डोळे अजून उघडू नका. ती घंटा मी आहे.

मी एक जुनी पितळी घंटा आहे. आज मी कल्याणच्या गाडीतळावर चिंचेच्या फांदीला टांगलेली असते. माझी एक कड चेपली आहे आणि पोटात हिरवट डाग पडले आहेत. पण एके काळी मी नवी होते. आगगाडी कल्याणला येऊन पंधरा-सोळा वर्षे झाली असतील, तेव्हा तिथल्या एका ओताऱ्याने मला घडवले. आधी त्याने माझा मेणाचा आकार केला, त्यावर चिकणमाती लिंपली, भट्टीत मेण वितळून गेले आणि त्या पोकळ जागेत तापलेले पितळ ओतले. मातीचे कवच फोडून त्याने मला बाहेर काढले, आत लोखंडाची जीभ अडकवली आणि एकदा वाजवून पाहिले. शेजारच्या दुकानातला माणूस उठून बाहेर आला. ओतारी हसला. म्हणाला, "हिचा आवाज लांब जाईल."

लांब जाणारा आवाज ही माझी मोठी मिरवण्याची गोष्ट होती. पुढे तोच माझ्यावरचा ठपका झाला.

मला विकत घेतले राघोने. डोंबिवलीच्या खाडीकडच्या बाजूला मिठागरांचे एक छोटे गाव होते, तिथला तो आगरी गडी. स्वतःच्या आगरात मीठ पिकवायचा, गोण्या भरायचा आणि गाडीने कल्याणला आणायचा. मला त्याने पवळ्या नावाच्या बैलाच्या गळ्यात बांधले. गाडी गावाच्या वेशीशी आली की माझा आवाज घरात पोचे आणि राघोची बायको शालू चुलीवर भात चढवी. कधी तिने हातात कंदील घेऊन वाट पाहिली नाही. माझा आवाज पुरेसा होता.

उन्हाळ्यात बैलांना दिवसा धाप लागते, म्हणून मिठाच्या गाड्या रात्री चालत. पण एकट्याने नाही. गाडीतळावर सगळे गाडीवान थांबत आणि आठ-दहा गाड्या रांगेने निघत. पुढचा गाडीवान झोपला तर मागचा ओरडे. आणि समजा कोणाला एकटे जावेच लागले, तर त्याच्यासाठी एक नियम होता. तो लहान मुलांनाही पाठ असे.

रात्री वाटेत मागून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही हाकेला नाही. भूत दोनदाच हाक मारते. तिसऱ्यांदा त्याला तोंड उघडता येत नाही. तिसरी हाक आली की समजावे, हा माणूस आहे. मग खुशाल गाडी थांबवावी आणि ओ द्यावी.

मित्रांनो, या नियमात भुताची सगळी काळजी घेतली होती. माणसाची मुळीच घेतली नव्हती.

राघोला मुलगी झाली. तिचे नाव गोदा. ती चार महिन्यांची होती तेव्हा राघोने कल्याणच्या सोनाराकडे तिच्यासाठी चांदीचे वाळे करायला टाकले. ज्या संध्याकाळी ते हातात पडले, त्या संध्याकाळी तो गाडीतळावर आला आणि दिसेल त्याला वाळे काढून दाखवू लागला.

गाडीवानांत वडीलधारा होता धोंडीबा. तो म्हणाला, "छान आहेत रे. आता कमरेला बांध आणि गप बस. चंद्र वर आला की सगळे मिळून निघू."

"तवर पोर झोपंल, धोंडीबा."

"झोपली तर उठव. एकटा जाऊ नकोस."

"मी आगरातला माणूस हाय. रातीचा बांध फुटला तर खाडीत एकटा उतरतो. मना कोन काय करंल?"

जवळच मधु बसला होता. हा मधु ना गाडीवान, ना व्यापारी. पण त्याच्याजवळ नेहमी चकमक असे आणि कोणाचीही चिलीम तो आनंदाने पेटवून देई, म्हणून सगळ्यांना तो आपला वाटे. त्याचा आवाज फार गोड होता. चिलीम पेटवता पेटवता तो एखादा प्रश्न विचारी आणि आपण उत्तर दिले हे समोरच्याच्या ध्यानातही येत नसे.

"राघोदादा, करंजांतूनच जाणार ना?" त्याने विचारले.

"दुसरी वाट कुठं हाय?"

"एकटेच?"

"एकटाच की!"

वाळे तर राघोने आधीच दाखवले होते. आता वाट सांगून झाली, वेळ सांगून झाली आणि सोबत कोणी नाही हेही सांगून झाले. माझी जीभ लोखंडाची. ती बैल चालला तरच हलते. पवळ्या उभा होता.

करंजांच्या मधून एक ओहोळ वाहतो. तिथे वाट खाली उतरते आणि चाके वाळूत रुततात. आम्ही तिथे पोचलो आणि मागून हाक आली. "राघोदादा!"

राघो ताठ झाला. त्याने ओ दिली नाही. पुन्हा हाक आली. त्याने देवाचे नाव घेतले आणि बैलांना टोचले. मग सगळे शांत झाले. पाण्याचा खळखळाट तेवढा ऐकू येत होता. आणि तिसरी हाक आली, पहिल्या दोन्हींपेक्षा गोड. "राघोदादा, अहो थांबा की!"

राघो खळखळून हसला. त्याच्या छातीवरचे ओझेच उतरले होते. "ओ! माणूस हाय व्हय? केवढा घाबरवलास रं!" असे म्हणत त्याने कासरा ओढला आणि गाडी थांबवली.

ते हसणे मी विसरले नाही. अंधारातून तीन माणसे आली. एक हात माझ्या पोटात शिरला. त्याने माझ्या जिभेभोवती चिंधी गुंडाळली आणि एकावर एक दोन गाठी मारल्या. त्यानंतरचे सारे मी ऐकले, पण मला कोणालाही सांगता आले नाही.

पहाटेपूर्वी पवळ्याने दावे तोडले आणि तो धावत घरी आला. मी त्याच्या गळ्यात होते आणि वाजत नव्हते. शालूला तो दारात आल्यावरच कळले. राघो परत आला नाही. तिसऱ्या दिवशी ओहोळाच्या काठी त्याचे मुंडासे सापडले, आणि जरा पुढे तोही सापडला. त्याविषयी मी तुम्हांला काही सांगणार नाही. वाळे मिळाले नाहीत, ते ओहोळात वाहून गेले असे लोकांनी धरले.

गावाने आपला निकाल दिला. "दुसऱ्या हाकेला ओ दिली असंल. उतावळाच होता." माझ्यावरही ठपका आला. "ही घंटा फार लांब ऐकू जाते. तिनंच भुताला जागं केलं." शालूने माझ्याकडे न पाहताच मला पवळ्याच्या गळ्यातून उतरवले आणि माळ्यावर फेकले. माझी कड चेपली ती तेव्हा.

बारा वर्षे मी माळ्यावर होते. फुटक्या गोण्या, मोडके फावडे आणि मी. माझ्यावर धूर बसला, कोळ्यांनी जाळी विणली. आणि खाली घरात गोदा मोठी होत होती. राघोचा धाकटा भाऊ नाथा तिला गाडी हाकायला शिकवत होता, कारण घरात दुसरे कोणी मूल नव्हते. बैल जुंपता जुंपता तो तिच्याकडून नियम वदवून घेई.

"पहिल्या हाकेला?"

"ओ नाय द्यायची."

"दुसऱ्या?"

"नाय."

"तिसऱ्या?"

"थांबायचं आन ओ द्यायची. माणूस असतो."

"शाब्बास!"

हे शाब्बास मी वरून ऐकत असे. ज्या गोष्टीने बापाचा घात केला, तीच मुलीला मायेने शिकवली जात होती, आणि माझ्या जिभेला चिंधी बांधलेली होती.

एका दिवाळीला गोदा माळा झाडायला चढली आणि मी तिच्या हाती लागले. तिने मला चिंचेने घासले, राखेने घासले आणि मग हलवून पाहिले. मी वाजले नाही. तिने आत बोट घातले. मग ती कोयता घेऊन उन्हात बसली आणि गाठी न सोडता कोयत्याच्या टोकाने चिंधी कापून काढली.

"काका, भुताला गाठ मारता येते?" तिने विचारले.

"काय?"

"ही बघ. एकावर एक दोन. आपण गोणीला मारतो तशी."

नाथाने चिंधी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि पटकन परत दिली. "भूत काय काय करतं कोनाला ठाव? टाक ते बाहेर."

"बापूस दुसऱ्या हाकेला थांबला नसंल, काका. तिसरीलाच थांबला असंल."

"गप गो! सणासुदीचं काय बोलतेस?"

गोदाने चिंधी टाकली नाही, कमरेला खोचली. शालू दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली. मग म्हणाली, "घंटा बांध बैलाला."

अशी मी पुन्हा वाटेवर आले. बैल नवा होता, त्याचे नाव मोऱ्या. गाडीतळावर गोदाला पाहून गाडीवान चेष्टा करत. "काय नाथा, तू पोरीला आणलंस की पोरीनं तुला?"

"दोघांना बैलांनी आणलं," गोदा म्हणे, आणि सगळे हसत.

मधु अजून तिथेच होता. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, चकमक तीच होती. एके दिवशी तो मोऱ्यापाशी आला आणि त्याने मला तळहातावर घेतले.

"घंटा जुनी दिसते."

"बापसाची हाय," गोदा म्हणाली.

"हो का?" त्याची दोन बोटे माझ्या पोटात शिरली आणि जिभेवरून फिरली. ती बोटे मी ओळखली, आणि चिंधी निघाल्याचे त्यांना कळले. "आवाज लांब जात असेल नाही?"

"फाटकापर्यंत जातो. दगडूभाऊ आवाजावरनं वळखतात."

दगडू हा रेल्वेच्या नव्या फाटकावरचा राखणदार; राघोच्या वेळी ते नव्हते. करंजे संपली की थोड्या अंतरावर फाटक लागे आणि तिथे रात्रभर त्याचा दिवा जळत असे. मधु हसला आणि त्याने मला अगदी अलगद सोडून दिले.

मग ती अमावास्या आली. अमावास्येला खाडीला उधाण येते, तेव्हा मोठी गलबते आगरांच्या अगदी जवळ येतात. त्या रात्री गावातले झाडून सारे पुरुष मीठ भरायला बंदरावर गेले होते. नाथा तेवढा घरी होता. दोन दिवसांपूर्वी फावड्याने त्याची टाच कापली होती. संध्याकाळी पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला आणि अंगात ताप भडकला. नाथाची बायको आदल्याच दिवशी बाळंत झालेली. शालूला तिच्यापासून हलता येत नव्हते. कल्याणच्या दवाखान्यात न्यायचे तर गोदाशिवाय कोणी नव्हते, आणि सकाळपर्यंत थांबले तर नाथा वाचेल असे शालूला वाटत नव्हते.

शालूने आसाला तेल पाजले. दोघींनी मिळून नाथाला गवतावर निजवले.

"आय, घंटा सोडू का?" गोदाने विचारले.

"असू दे. फाटकावर दगडूभाऊचं ध्यान राहील. कुठं थांबू नको गो."

"तिसऱ्या हाकेला पण नाय?"

शालूने तिच्याकडे पाहिले. बारा वर्षांत प्रथमच तिने तो नियम मोडला. "नाय," ती म्हणाली. "कितवीपण असू दे."

आम्ही निघालो. उधाणाचा वारा खाडीकडून वाहत होता. गोदाने कंदील गाडीच्या दांडीला बांधला होता आणि त्याचा उजेड मोऱ्याच्या पाठीवर हलत होता. करंजे आली तसा वाराही पानांत अडकला. ओहोळाचा उतार लागला आणि, माझा आवाज ओळखूनच असेल, मागून हाक आली.

"गोदे!"

गोदाने मागे पाहिले नाही. हात पुढे करून तिने कंदील फुंकून टाकला. आता ती दिसत नव्हती. पण मी वाजतच होते. टण, टण. आम्ही कुठे आहोत ते प्रत्येक पावलागणिक मी त्यांना सांगत होते.

"गोदे!" हाक जरा जवळून आली.

चाके वाळूत रुतली. वाळूत चाकांचा आवाज येत नाही, आणि आसही तेलाने मऊ झाला होता. गोदाने बैलांना थांबवले, श्वास रोखला आणि ऐकले. मी स्तब्ध लोंबत होते.

"गोदे, अगं थांब! तुझ्या आईनंच पाठवलंय मला!"

गाडीत नाथा हलला. तापातही त्याने हाका मोजल्या होत्या. "गोदे," तो पुटपुटला, "तिसरी झाली. ओ दे. माणूस हाय."

गोदाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "माणूस हाय म्हणूनच नाय देत," ती कुजबुजली.

ती खाली उतरली.  तिने मला एका हाताने घट्ट धरले, दुसऱ्या हाताने मोऱ्याच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि वाटेवर झुकलेल्या करंजाच्या फांदीला मला अडकवले. मग मोऱ्याच्या नाकाजवळची वेसण धरून ती वाळूतून चालू लागली. गाडी माझ्यापासून दूर गेली. मी एकटी राहिले.

वारा आला आणि मी वाजले. टण. थोडे थांबून, पुन्हा टण. उभा असलेला बैल मान हलवतो, अगदी तशी.

"थांबली," अंधारात कोणीतरी म्हणाले. "हळू. आता घाई नको. पोर बिथरेल."

ते हळू आले, आणि त्यांच्या हळू येण्यातच गोदाची गाडी ओहोळ चढून गेली. एका हाताने चाचपडत मला पकडले. चकमक पेटली. एक क्षण मला ते तोंड दिसले आणि त्याला मी दिसले. फांदीला टांगलेली, खाली बैल नाही, गाडी नाही.

तेवढ्यात फाटकाच्या बाजूने शिंग वाजले आणि लाल दिवा हलू लागला. दगडूने मला येताना ऐकले होते, मग एकाच जागी अडलेले ऐकले होते, आणि त्या हाकाही ऐकल्या होत्या. तो रुळांवरचे दोन गँगमन घेऊन निघाला होता, तोच घंटेवाचून बैलांना ओढत आणणारी गोदा त्याला वाटेत भेटली. हे मला पुढे त्यानेच सांगितले, आणि अजून सांगतो. मधुने मला ओहोळात फेकले आणि ते तिघे पळाले. मी रात्रभर चिखलात तोंड खुपसून पडले होते. उजाडता उजाडता गोदा गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिने मला शोधून काढले.

नाथाचा पाय वाचला. चौथ्या दिवशी तो पट्टी बांधून गाडीत बसला आणि गोदा त्याला घेऊन गाडीतळावर आली. दगडूही फाटकावर दुसरा माणूस बसवून आला होता. गोदाने धोंडीबाला सगळे सांगितले. गाडीवान भोवती जमले.

"भूत असंल," एक जण म्हणाला.

"भूत तीनदा हाक मारतं का?" गोदाने विचारले.

"नाय मारत."

"मग माणूस होता. मला नावानं वळखणारा. इथं येणारा."

 गोदा म्हणाली, "आवाज ऐकलेला वाटतो, पण रातीचा आवाज वेगळा लागतो. मी पाठ करून उभी राहते. एकेकानं मला तीन हाका मारा. मी ऐकीन, काका ऐकंल, दगडूभाऊ ऐकतील."

धोंडीबाने मान हलवली. गोदा चिंचेखाली, विहिरीकडे तोंड करून उभी राहिली. मला तिने दोन्ही हातांत धरले होते.

पहिल्याने हाका मारल्या. दुसऱ्याने मारल्या. तिसरा म्हणाला, "माझ्या हाकेला माझी बायको ओ देत नाय, ही काय देणार!" मोठा हशा झाला. एकेक करत अकरा जण झाले. दगडू प्रत्येक वेळी नकाराची मान हलवी.

मधुने चकमक पिशवीत टाकली आणि तो उठला.

"कुठं निघालात, मधुदादा?" धोंडीबाने विचारले. "तुमची हाक राहिली."

"मी काय गाडीवान आहे का? पोरखेळ आहे हा."

"पोरखेळच आहे. मारा की."

आता कोणी हसत नव्हते. चाळीस माणसे त्याच्याकडे पाहत होती. मधुने घसा खाकरला आणि जाड आवाज काढून ओरडला, "गोदे!"

"रोजच्या आवाजात," धोंडीबा शांतपणे म्हणाला. "चिलीम पेटवताना बोलता तसं."

"गोदे!"

गाडीत नाथा उठून बसला. दगडूने हातातली काठी घट्ट धरली.

मित्रांनो, तिसरी हाक ऐकण्याआधी माझे एवढे ऐका. मी धातूची वस्तू आहे. मला पुसा, तेलपाणी करा आणि माझ्या पोटात काय अडकले आहे ते अधूनमधून पाहा. माझ्यात बारा वर्षे एक चिंधी होती आणि कोणी आत बोट घातले नाही. जे नियम तुम्हांला पाठ आहेत, त्यांच्याही पोटात असेच पाहत जा. ते कोणाला भिऊन केले आहेत आणि कोणाला विसरून, ते विचारा. एकटे निघालात तर चारचौघांत सांगत सुटू नका. पण तुमची चाहूल ऐकत कोणीतरी जागे आहे, एवढी सोय करूनच निघा. राघोजवळ घंटा होती. ती बंद पडल्यावर उठून येणारे वाटेवर कोणी नव्हते.

आता ऐका.

"गोदे!" मधुने तिसरी हाक मारली. दिवसाउजेडीसुद्धा ती गोडच होती.

गोदाने मला चिंचेच्या फांदीला टांगले. कमरेची चिंधी काढून हातात घेतली. तिच्या दोन्ही गाठी अजून तशाच होत्या.

"ओ," ती म्हणाली, आणि वळली.